शेत संस्थेचं, पीक शेतकऱ्याचं: विदर्भात नव्या भाजी उत्पादकांसाठी विनानफा शेत कसं उभारावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावापासून आठ-दहा किलोमीटरवर पाच एकर काळी जमीन आणि एक विहीर मिळू शकते. गावात भूमिहीन शेतमजूर आहेत, एकल महिला आहेत, पुण्या-नागपूरहून परतलेली काही तरुण मुलं आहेत. त्यांना भाजीपाल्यात उभं करण्यासाठी नफा न वाटणारी संस्था काढून शेत चालवायचं आहे. संस्था कोणती नोंदवावी, किती जणांना घ्यावं, सुरुवात कुठून करावी?

नोंदणीचा विचार सगळे आधी करतात, पण तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. आधी पाणी मोजायचं, मग पीक कोणाचं हे ठरवायचं. अशी शेतं बंद पडतात ती बहुधा या दोन गोष्टी कच्च्या राहिल्यामुळे.

पीक कोणाचं, हे आधी सांगतो, कारण बाकीची सगळी रचना त्यावर उभी राहते. बियाणं संस्थेने आणलं, रोजी संस्थेने दिली, माल संस्थेने विकला, तर शेत हिरवंगार दिसतं. पण आलेला माणूस मजूरच राहतो. वांग्याला अळी लागली तर धावपळ व्यवस्थापकाने करायची, रानडुक्कर आलं तर जागल चौकीदाराने करायची. दोन वर्षांनी त्या माणसाला फवारणी, निंदण, तोडा सगळं येतं, पण काय पेरायचं, केव्हा पेरायचं आणि पडलेल्या भावात किती तोडायचं हे ठरवता येत नाही. शेती म्हणजे मुख्यतः हे ठरवणंच. म्हणून जमीन, पाणी, कुंपण, रोपवाटिका आणि बाजारापर्यंतचं वाहन संस्थेचं; पिकाची निवड, मेहनत, विक्रीचा पैसा आणि ठरलेल्या मर्यादेतला तोटा शेतकऱ्याचा. ही वाटणी पहिल्या बैठकीत सांगा आणि कागदावर आणा.

आता पाणी. हिशेब सोपा आहे. ठिबकवर भाजीपाल्याला उन्हाळ्याच्या कडाक्यात गुंठ्याला दिवसाला साधारण ६०० लिटर पाणी धरा. दहा गुंठ्यांचा एक प्लॉट म्हणजे ६,००० लिटर, आठ प्लॉट म्हणजे ४८,००० लिटर. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. म्हणजे आठ प्लॉट भिजवायला विहिरीत रोज साडेपाच फूट पाणी नव्याने यायला हवं. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात विहीर उपसा, दोरीला गाठ मारून पातळी नोंदवा आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. लागोपाठ तीन दिवस. रोज तीनच फूट भरत असेल तर मेमध्ये ४४ गुंठेच भिजतील. आठ जणांना प्रत्येकी साडेपाच गुंठे, उरलेली जमीन उन्हाळ्यात मोकळी. ही चाचणी जानेवारीत करून उपयोग नाही, तेव्हा विदर्भात जवळजवळ प्रत्येक विहीर भरल्यासारखी दिसते. शेततळं करून भागेल, असंही बरेच जण धरून चालतात. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या शेततळ्यात ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावतं. आठ प्लॉटला ते नऊ दिवस पुरतं. ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात ते पीक वाचवतं, पण उन्हाळा काढत नाही.

पाण्याचा नमुना तपासून घ्या. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर तपासणीशिवाय करारावर सहीच करू नका. तिथलं भूजल खारं असतं आणि काळ्या मातीत ते सतत दिलं की मातीत सोडियम साचतो, ढेकळं दगडासारखी होतात, पाणी मुरत नाही. जमीन बिघडल्याचं दोन-तीन हंगामांनी दिसतं आणि सुधारायला त्याहून खूप जास्त वर्षं लागतात. अहवालात क्षारता (विद्युतवाहकता, ईसी) २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर त्या पाण्यावर भाजीपाल्याचा प्रकल्प उभारू नये. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र इथे माती-पाणी तपासणीची चौकशी करा.

जमीन पाहताना सातबाऱ्याइतकंच पांधणीकडे, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीवाटेकडे, लक्ष द्या. जुलैत काळ्या मातीची पांधण आठ-आठ दिवस बंद होते. टेम्पो शेतापर्यंत येत नसेल तर तोडलेली भेंडी डोक्यावर किती लांब न्यायची? डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्याला लागून असलेलं तीन एकर हे पांधणीआतल्या सहा एकरांपेक्षा चांगलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांत पावसाळ्यात भाजी होत नाही, पाणी उभं राहतं. तिथे उंचवट्याची जमीन शोधा, नाहीतर धान निघाल्यावरचा एकच हंगाम धरा. आणि ई-क्लासची चराई जमीन ग्रामपंचायत द्यायला तयार असली तरी नको. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानावरची नवी व्यवस्था टिकणं कठीण झालं आहे, शिवाय गावातले गुरंवाले पहिल्या दिवसापासून विरोधात जातील.

मालकाशी करार करताना त्याच्या मनातली खरी भीती असते ती कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क येण्याची. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ८९ नुसार बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून संस्थेने सुरुवातीला खरेदीच्या मागे लागू नये, मुदतीच्या ठेक्याने घ्यावी; पण हे कलम ठेक्यालाही लागू होऊ शकतं, ते आधी वकिलाकडून तपासून घ्यावं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा स्टॅम्पपेपर कोर्टात टिकत नाही. मुदत किमान पाच वर्षं मागा, कारण कुंपण आणि पाइपलाइनवरचा खर्च त्याआधी फिटत नाही. मुदत संपल्यावर ठिबक, पाइप, कुंपणाचे खांब कोणाचे, विहिरीची दुरुस्ती कोण करणार, मालक वारला तर वारसांवर करार बंधनकारक राहील का, हे तीन मुद्दे करारात हवेतच. जमीन भोगवटदार वर्ग-२ (सरकारी अटींवर मिळालेली) असेल तर आधी तहसीलमध्ये चौकशी करा. ती एखाद्या सार्वजनिक न्यासाची असेल तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे दहा वर्षांहून जास्त मुदतीसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

संस्था आणि शेतकरी यांच्यातला कागद वेगळा. त्यात ‘ठेका’ हा व्यवहार ठेवू नका. ताबा संस्थेचा, शेतकरी अकरा महिन्यांचा सहभागी, आणि तो पाणी, रोपं, कुंपण, वाहन यांचं सेवाशुल्क देतो, अशी रचना ठेवा. मसुदा महसुली कामाची माहिती असलेल्या तालुक्याच्या वकिलाकडून करून घ्या, इंटरनेटवरचा नमुना वापरू नका. शुल्क फुकट ठेवू नका आणि पहिल्या वर्षी पूर्णही घेऊ नका: पहिल्या वर्षी खऱ्या खर्चाच्या पाव भाग, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी पूर्ण. तिसऱ्या वर्षी पूर्ण खर्च देऊनही हातात काही उरतं का, हे माणसाला इथेच कळलं पाहिजे.

आता नोंदणी. पहिला हंगाम एखाद्या चांगल्या, जुन्या संस्थेच्या छत्राखाली, वेगळ्या खातेशीर्षासह चालवा, असंच मी सुचवेन. शेत चालतं हे दिसल्यावर स्वतःची संस्था काढा. पर्याय दोनच कामाचे: धर्मादाय आयुक्तांकडचा सार्वजनिक न्यास, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची कंपनी. दोन्हींना आयकराच्या दोन नोंदण्या घेता येतात, एक संस्थेच्या करसवलतीची आणि एक देणगीदाराच्या (१९६१ च्या आयकर कायद्यात १२एबी आणि ८०जी); कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा तर सीएसआर-१ हा अर्जही भरावा लागतो. कलम ८ च्या कंपनीत दरवर्षीची कागदपत्रं जास्त, पण सभासद बदलणं सोपं. न्यासात विश्वस्त बदलले की बदल अहवाल मंजूर होईपर्यंत बँकेत सह्या अडकतात. शेतकरी उत्पादक कंपनी ही वेगळी गोष्ट आहे. ती किमान दहा उत्पादकांची, नफा वाटणारी. इथून तयार होऊन बाहेर पडलेल्यांनी पुढे ती काढावी, तुम्ही नाही.

एक गोष्ट लेखापालाशी पहिल्याच भेटीत बोला. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ उद्देशाखाली येणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की करसवलत अडचणीत येते. भाजी शेतकऱ्याची आणि विक्रीचा पैसा थेट त्याच्या खात्यात असेल, तर तो आकडा संस्थेच्या वहीत येतच नाही. रोपं आणि सेवाशुल्काची जमा वेगळ्या वहीत लिहा. विश्वस्तांपैकी कोणाची जमीन ठेक्याने घेतलीत, तर ठेका बाजारभावापेक्षा एक रुपयाही जास्त नको आणि त्या ठरावावर त्या विश्वस्ताची सही नको.

जमिनीची आखणी पाच एकरांत, म्हणजे २०० गुंठ्यांत, अशी बसते. पहिल्या वर्षी आठ जणांना दहा-दहा गुंठे: ८० गुंठे. दुसऱ्या वर्षी त्यातले पाच जण टिकले, तर त्यांना वीस-वीस आणि नव्या चौघांना दहा-दहा: १४० गुंठे. रस्ता, शेड, रोपवाटिका आणि खताचे खड्डे यांना २५ गुंठे. उरलेल्या जमिनीत हिरवळीचं खत म्हणून ढैंचा किंवा बोरू गाडा आणि ती आळीपाळीने प्लॉटांत घ्या. दहा गुंठ्यांपेक्षा जास्त सुरुवातीला देऊ नका. एक नवरा-बायको किंवा एकटी बाई मजूर न लावता जेवढं निंदू शकेल तेवढंच क्षेत्र हवं. अर्धा एकर दिला की पहिल्या झडीत तण वर आणि भाजी खाली.

काळ्या जमिनीत सपाट वाफे करूच नका. एप्रिलमध्ये नांगरटी, मेच्या शेवटी गादीवाफे: वर अडीच फूट रुंद, मधली सरी दीड फूट, उंची नऊ इंच ते एक फूट. सऱ्या उताराकडे, आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी नेणारा एक चर नाल्यापर्यंत. हा चर धुऱ्यावर (बांधावर) येऊन थांबला तर शेजाऱ्याच्या कपाशीत पाणी शिरतं आणि भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. माती ओली असताना रोटाव्हेटर घातला तर खाली कडक थर बसतो, वर गोळे होतात. वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घेऊ नये. प्रत्येक प्लॉटला एक ट्रॉली, म्हणजे दोन ते अडीच टन, पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धकच्च्या शेणातून हुमणी आणि उधळी येते. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) बारीक करून खड्ड्यात घाला. सोयाबीनचं कुटार आच्छादनाला उत्तम, फुकटात मिळतं तोवर ऑक्टोबरमध्येच साठवा.

ठिबक: चार फुटांवर नळ्या धरल्या तर दहा गुंठ्यांना ८५० मीटर १६ मिमी नळी लागते. दर ४० सेंटिमीटरला ताशी दोन लिटरचा ड्रिपर असेल तर तासाला सुमारे ४,२०० लिटर पडतात, म्हणजे उन्हाळ्यात रोज दीड तासाच्या आत काम होतं. पाच अश्वशक्तीचा पंप एकूण ३५ मीटर उंची-दाबाला ताशी १८ ते २० हजार लिटर देतो. चार प्लॉट एकदम, दोन पाळ्या, तीन तास. वीज कृषी फीडरची, आठवडे बदलून दिवसा-रात्री येणारी असेल तर रात्रीच्या आठवड्यात वाद होतात. प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि पाळीचा तक्ता शेडमध्ये लावलेला हवा. विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला वाळूचा फिल्टर. बोअरमधून रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोन. पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून धुवा. उन्हाळ्यात खारूताया पाण्यासाठी नळ्या कुरतडतात. धुऱ्यावर मातीच्या परळांत पाणी ठेवलं तर नुकसान बरंच कमी होतं.

कुंपणाला पाच एकरांचा घेर ६०० मीटरच्या आसपास येतो, पट्टा लांबट असेल तर त्याहून जास्त. रानडुकरासाठी सौर झटका मशीनची खालची तार जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर हवी, रोह्यासाठी (नीलगायीसाठी) वरची तार पाच फुटांवर. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो आणि कुंपण नावालाच उरतं. म्हणून तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापणं हे कोणाचं काम, ते नावानिशी लिहा. थेट विजेच्या खांबावरून तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. असं करणाऱ्याचा प्लॉट त्याच दिवशी बंद, हा नियम पहिल्या पानावर असू द्या. माकडांना कुंपण अडवत नाही. त्यांचा वावर असेल त्या बाजूला मिरची, कारली, हळद घ्या आणि टमाटे, वांगी शेडजवळ.

माणसांची निवड अर्ज आणि मुलाखतीवर करू नका. जुलैत इच्छुकांना एक-एक गुंठा द्या, चवळी किंवा भेंडी लावू द्या. चिखलात येऊन निंदणारा माणूस आपोआप दिसतो. खरी तुकडी ऑक्टोबरमध्ये सुरू करा. जून-जुलैत पेरणी आणि निंदणाची मजुरी असते, हातात रोख पैसा असतो. भूमिहीन माणूस ती सोडून स्वतःच्या वांग्यांकडे येणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. शिवाय पावसाळ्यात मर, करपा, तण सगळं एकदम असतं. ऑक्टोबरच्या मध्यावर सोयाबीनची सोंगणी आटोपत आलेली असते, जमिनीला वाफसा असतो, थंडीतली पिकं चुका पोटात घालतात. कापसाचा वेचा मात्र डिसेंबरपर्यंत चालतो, तेव्हा पाण्याच्या आणि कामाच्या पाळ्या वेच्याच्या वेळा धरून लावा.

पहिले दोन महिने प्लॉटमधून फारसं काही येत नाही, आणि इथेच बरेच जण गळतात. स्वतःच्या प्लॉटवर कामाची रोजी देऊ नका. त्याऐवजी संस्थेची सामायिक कामं, म्हणजे रोपवाटिका, खत, कुंपण, चर, याच लोकांना महिन्याला आठ-दहा दिवस गावच्या चालू दराने द्या. बियाणं-रोपं उधारीवर, पण वरची मर्यादा ठरवून. दर आठवड्याच्या विक्रीतून पाचवा हिस्सा वळता करा. पीक गेलं तर उधारी निम्मी माफ, पण प्लॉटची वही भरलेली असेल तरच.

पिकांची मांडणी पैशाच्या वेळेनुसार करा. दहापैकी दोन गुंठ्यांत पालेभाज्या: मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर), दर आठवड्याला अर्धा-अर्धा गुंठा पेरत. महिन्याभरात पैसा सुरू. तीन गुंठे चवळी, गवार, भेंडी. दीड-दोन महिन्यांत तोडा. तीन-साडेतीन गुंठे वांगी किंवा मिरची, लागवडीनंतर दोन महिन्यांनी सुरू होऊन पुढे चालणारी. उरलेल्यात मांडवावर दोडकं, कारली किंवा जमिनीवर ढेमसं. भेंडी थंडीत अडते, म्हणून ती फेब्रुवारीच्या पेरणीत घ्या, थंडीत त्या जागी मुळा, गाजर, कोबी. कपाशीला लागून भेंडी नको. दोघांचे तुडतुडे, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी एकच. रोपं संस्थेच्याच रोपवाटिकेत, ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये, ४० मेशच्या जाळीखाली वाढवा, नाहीतर मिरची-टमाट्याला शेतात जाण्याआधीच चुरडा-मुरडा लागतो. चार बाय दोन फुटांवर वांगी लावली तर दहा गुंठ्यांना सुमारे १,३६० रोपं बसतात, म्हणजे तीन गुंठ्यांना तूट धरून साडेचारशे रोपं, पाच ट्रे.

फवारणीचा नियम कडक हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं औषध शेतात आणायचं नाही. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, इथूनच सुरुवात. निंबोळ्या जूनमध्ये वेचून सुकवून ठेवाव्या लागतात. वांग्याचे सुकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करायचे, पण ते सगळ्या प्लॉटांत एकाच दिवशी. एकाने सोडलं तर अळी आठही ठिकाणी फिरते. म्हणून सोडून दिलेला प्लॉट पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर संस्थेने उपटून टाकायचा, हे करारात लिहा आणि पाळा.

बाजारात आधी बसून बघा: चार आठवडे, जवळचे दोन आठवडी बाजार. कोणती भाजी नागपूरच्या कळमन्याहून येते, कोणती गावातलीच आहे, भाव दुपारी किती आणि दिवेलागणीला किती, हे लिहून काढा. बाहेरून येणारी पालेभाजी ही तुमची पहिली जागा, कारण ती शिळी होऊन पोचते. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, थेट विक्रीला अडचण नाही. आठ जणांनी आठ दुकानं मांडण्यापेक्षा दोघांनी आळीपाळीने सगळ्यांचा माल विकावा, कॅरेटवर प्लॉटचा नंबर आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर हिशेब. हर्रासात (लिलावात) मोठा माल, चिल्लरीत (किरकोळ विक्रीत) निवडक माल, अशी विभागणी त्यांनाच करू द्या. संस्थेने हमीभावाने माल घेऊ नये. पहिल्या मंदीत संस्थेकडे सडका टमाटा उरतो आणि शेतकऱ्याला भाव कळत नाही. वसतिगृहं, आश्रमशाळा चांगले गिऱ्हाईक, पण बिलं महिनोन्महिने अडकतात; एकूण मालाच्या पाव भागापेक्षा जास्त तिकडे गुंतवू नका.

मग बाहेर पडणं. कोणालाही तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा. आसपास अशी बरीच शेतं असतात जिथे मालक नागपूरला असतो आणि विहीर वापराविना पडलेली असते. अशा एक-दोन एकरांची यादी संस्थेने करत राहावी आणि पहिल्या ठेक्यात साक्षीदार म्हणून उभं राहावं. बँकेसाठी तीन वर्षांची विक्रीची वही आणि खात्यातली जमा कामाला येते. जमीन नावावर नसलेल्यांना चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटातून कर्ज मिळू शकतं. प्लॉटवरची नळी त्याला घसारा धरून विकत द्या, म्हणजे नव्या जागी पहिल्या दिवशी ठिबक तयार. विदर्भात ठेक्याचे व्यवहार गुढीपाडव्याच्या सुमारास ठरतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या माणसासाठी जमीन शोधणं जानेवारीतच सुरू करावं लागतं. मेमध्ये शोधायला निघालात तर चांगल्या विहिरीचं शेत उरलेलं नसतं.